विज्ञानाचा व्हिडिओ : वापर आणि दक्षता

विज्ञानाच्या तासाला दाखवायच्या व्हिडिओचे तीन घटक असतात : पडद्यावर हलणारे चित्र, त्या चित्राबद्दल बोलणारा आवाज आणि हे दोन्ही कुठे थांबवायचे ते ठरवणारे शिक्षक. पहिले दोन घटक फुकट उतरवून घेता येतात. तिसऱ्याला पगार द्यावा लागतो. शिवाय त्याच्यामागे निवडणूक, सर्वेक्षण आणि पोषण आहाराचा हिशेब अशी इतर कामे लागलेली असतात. त्यामुळे पुष्कळ वर्गांत पहिल्या दोन घटकांवरच भागवले जाते. व्हिडिओ सुरू होतो, चालतो, संपतो. मुले टाळ्या वाजवतात. ज्वालामुखीचा असेल तर पुन्हा लावा म्हणतात. विज्ञान मात्र पुस्तकात ज्या पानावर होते त्याच पानावर राहते.

व्हिडिओ परिणामकारक ठरला की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. पाहण्याआधी मुलाला जे वाटत होते ते पाहिल्यावर बदलले का, एवढीच त्याची कसोटी. या कसोटीसाठी कुरवंड्याचा परिसर फार सोयीचा आहे. मावळात, लोणावळ्याच्या दक्षिणेला, अगदी घाटमाथ्यावर हे गाव आहे. जवळच ‘आयएनएस शिवाजी’ आहे. नाव जहाजाचे, नांगर डोंगरावर. समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर नौदलाच्या अभियंत्यांना १९४५ पासून येथे प्रशिक्षण मिळते. दुसऱ्या बाजूला नागफणीचा सुळका आणि त्याच्या पलीकडे थेट कोकणात उतरणारी दरी. पाऊस वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. अशा ठिकाणी विज्ञानाच्या व्हिडिओला एक प्रतिस्पर्धी मिळतो, तो म्हणजे वर्गाची खिडकी. खिडकीत जे दिसते ते पडद्यावर दाखवण्यात अर्थ नाही आणि पडद्यावर जे दिसते ते खिडकीत नसेल तरच वीज जाळावी, हा या विषयाचा पहिला नियम इथे आपोआप शिकता येतो.

व्हिडिओने शिकवण्याचा उत्साह जुना आहे. १९१३ मध्ये थॉमस एडिसन यांनी शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि शिक्षण हलत्या चित्रांतून होईल, असे भाकीत केले. मुदत दिली होती दहा वर्षांची. भाकीत करणाऱ्याचा स्वतःचा चित्रपटयंत्रांचा धंदा होता, ही गोष्ट भाकिताबरोबर सांगायची राहून जाते. भारतात मोठा प्रयोग झाला तो ‘साईट’चा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दिसले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण प्रयोगाची व्यवस्थापकीय धुरा कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती आणि मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मुंबईत तयार होत. म्हणजे स्वयंपाक मुंबईत आणि पंगत बिहार-ओडिशात.

मराठी मुलांच्या वाट्याला स्वतःचे ताट आले ते १९८४ मध्ये, पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाल्यावर. दूरदर्शनवर लागणाऱ्या या कार्यक्रमांवर एक पिढी वाढली. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी टाळेबंदीत सगळ्या शाळा बंद पडल्या आणि दूरदर्शनवरून शिकवण्याची गरज एकाएकी सर्वांच्या लक्षात आली. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिली मिली’ ही मालिका सुरू झाली. दरम्यान बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले होते. या कल्पनेसाठी नाव झालेले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कारही मिळाला. एडिसन यांच्या भाकिताचे शेवटी असे झाले : चित्रपटाने पुस्तकाला हद्दपार केले नाही, पुस्तकानेच चित्रपटाला पानाच्या कोपऱ्यात एक चौकोन भाड्याने दिला.

आता साधनसामग्री. वर्गात स्मार्ट टीव्ही किंवा प्रोजेक्टर, स्पीकर, पेन ड्राइव्ह आणि एक जोडणीची वायर लागते. वायर नेहमी दुसऱ्या वर्गात असते. टीव्ही बहुधा लोकवर्गणीतून आलेला असतो, त्यामुळे त्याच्या खाली देणगीदारांची नावे पडद्यापेक्षा ठळक अक्षरांत असतात. रिमोट हरवू नये म्हणून कपाटात ठेवतात आणि कपाटाची किल्ली हरवू नये म्हणून मुख्याध्यापकांच्या खिशात. मुख्याध्यापक बैठकीला गेले की विज्ञान फळ्यावर येते. प्रोजेक्टरला अंधार हवा. पावसाळ्यात कुरवंड्यात अंधार भरपूर असतो, पण त्याच पावसाचा पत्र्यावर इतका आवाज होतो की स्पीकर कितीही वाढवला तरी ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दातले फक्त शेवटचे ‘षण’ मागच्या बाकापर्यंत पोहोचते. यावर उपाय सोपा आहे आणि तो क्वचितच केला जातो : आवाज बंद करून व्हिडिओ दाखवावा आणि बोलणे शिक्षकांनी बोलावे. शिक्षकांना पत्र्याच्या आवाजावर मात करण्याचा अनुभव स्पीकरपेक्षा जास्त असतो. शिवाय स्पीकरला मुलांची नावे माहीत नसतात.

इंटरनेटवर विसंबून राहू नये. घाटमाथ्यावर ढग उतरले की रेंज वर जाते. मग पडद्याच्या मधोमध एक गोल फिरत राहतो आणि वर्गात एकसमान वर्तुळाकार गतीचे उत्तम प्रात्यक्षिक होते. मात्र त्या दिवशीचा धडा पचनसंस्थेचा असतो. व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवला की हा प्रश्न सुटतो आणि जाहिरातींचाही. अन्यथा जठराच्या आधी रमी खेळून लखपती झालेला मनुष्य येतो, आणि आठवड्याने मुलांना तोच आठवतो.

उतरवलेला व्हिडिओ शिक्षकांनी आधी पूर्ण पाहावा. याबाबतीत कुरवंड्याचा इतिहास मार्गदर्शक आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरू लागला. पुढे उंबरखिंडीत काय मांडून ठेवले आहे याची त्याने आधी पाहणी केली नव्हती. शिवाजी महाराजांनी दोन्ही तोंडे बंद करून त्याला शरण आणले आणि खंडणी देऊन त्याची सुटका झाली. न पाहिलेला व्हिडिओ वर्गात लावणाऱ्या शिक्षकाचीही चौथ्या मिनिटाला तीच अवस्था होते. फरक एवढाच की खानाला परत जाऊ दिले. शिक्षकांना पुढचा तासही त्याच वर्गावर असतो.

निवडीचे निकष थोडे आहेत. पहिला लांबीचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरच्या सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंचा हिशेब मांडला होता. सहा मिनिटांपुढे पाहणाऱ्यांचा टिकाव लागत नाही, असे त्यातून दिसले. हे पाहणारे मोठे होते, स्वखुशीने आले होते आणि त्यांना जेवणाच्या सुटीत खिचडीचा वास येत नव्हता. सहावीच्या वर्गासाठी तीन-चार मिनिटे पुष्कळ झाली. दुसरा निकष सजावटीचा. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले की धड्याशी संबंध नसलेली रंजक भर शिकण्याच्या आड येते, आणि जे बोलले जात आहे तेच शब्द पडद्यावरही उमटवले तर बहुधा फायद्याऐवजी गोंधळ होतो. डोळ्यांना चित्र पाहायचे असते. त्यांना वाचायला लावले की ते चित्र सोडून देतात. तरीही शाळांसाठीच्या कित्येक व्हिडिओंत निवेदन, त्याचीच अक्षरे, मागे बासरी आणि कोपऱ्यात नाचणारे फुलपाखरू असते. धडा गुरुत्वाकर्षणाचा असतो आणि फुलपाखरू एकदाही खाली पडत नाही.

तिसरा निकष सर्वांत महत्त्वाचा : खिडकीचा. जलचक्राचा व्हिडिओ हे त्याचे ठळक उदाहरण. निळ्या समुद्रावरून वाफेचे बाण वर जातात, पांढरा ढग तयार होतो, ढगाला डोळे असतात, तो डोंगराला धडकतो आणि रडतो. हे सर्व पडद्यावर चालू असताना खरा ढग कुरवंड्याच्या वर्गात खिडकीतून आत येऊन मागच्या बाकावर बसलेला असतो. वह्या ओलावतात, भिंतींना घाम येतो, खडू फळ्यावर उमटत नाही. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, वर चढताना प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. ही सगळी क्रिया दाराबाहेर रोज घडते आणि हजेरीही लावत नाही. इथे व्हिडिओ बंद करून मुलांना पडवीत न्यावे. हातावर जमणारे थेंब मोजता येत नाहीत, पण पाहता येतात.

मात्र त्याच पावसाची दुसरी बाजू कुरवंड्याच्या खिडकीतून दिसत नाही. लोणावळ्याहून लोकलने पुण्याकडे निघाले की साठ-पासष्ट किलोमीटरच्या अंतरात पाऊस ४००० मिलिमीटरवरून ७०० च्या घरात येतो. पर्जन्यछाया समजावणाऱ्या परदेशी व्हिडिओंत यासाठी अँडीज पर्वत ओलांडावा लागतो. इथे तळेगाव ओलांडले तरी छत्री मिटते. म्हणून वरून, उपग्रहातून घेतलेली ढगांची चित्रे दाखवावीत. सह्याद्रीच्या पश्चिमेला पांढरा पट्टा आणि पूर्वेला तपकिरी जमीन ही रेघ गावातल्या कुणालाही गावात उभे राहून दिसणार नाही. अशा ठिकाणी व्हिडिओला तोड नाही.

दगडाचेही तसेच. ज्वालामुखीच्या धड्याला हवाई बेटांवरचा लाल लाव्हा दाखवतात आणि मुले तोंडे वासतात. ज्या कातळावर त्यांनी चपला काढून ठेवलेल्या असतात तोही लाव्हाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे मात्र सांगायचे राहते. नागफणी, घाट, कार्ल्याची आणि भाज्याची लेणी हे सगळे त्याच बेसॉल्टचे. व्हिडिओने इथे लाव्हा वाहतानाचे दृश्य पुरवावे, कारण ते पाहायला गावातले जुन्यात जुने माणूसही उशिरा आले; आणि व्हिडिओ संपला की मुलांनी तोच थिजलेला दगड हातात घ्यावा.

यावरून व्हिडिओची खरी कामे ठरतात. फार दूरचे, फार जुने, फार बारीक, फार धोक्याचे, फार जलद आणि फार सावकाश घडणारे त्याने दाखवावे. सावकाशीचे उदाहरण कारवीचे. सह्याद्रीतली ही झुडपे साधारण सात वर्षांतून एकदा फुलतात. पहिलीत आलेले मूल सातवीतून बाहेर पडेपर्यंत हा धडा त्याच्या आयुष्यात बहुधा एकदाच होतो, आणि त्या आठवड्यात नेमकी चाचणी असू शकते. दुसरे उदाहरण शून्य सावलीच्या दिवसाचे. कुरवंड्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते : मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. मेमध्ये शाळेला सुटी असते आणि जुलैमध्ये सूर्याला. म्हणून मेमध्ये अंगणात काठी रोवून दुपारी बारा ते एक मोबाइल तिपाईवर ठेवावा, तासाभराचे चित्रण अर्ध्या मिनिटात आवळावे आणि जूनमध्ये वर्गात दाखवावे.

जिथे हातात थर्मामीटर घेता येतो तिथे व्हिडिओवर पूर्ण विश्वास ठेवू नये, हेही कुरवंडे शिकवते. पडद्यावर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. तो प्रयोग समुद्रसपाटीच्या हिशेबाने केलेला असतो. घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९८ च्या आसपासच उकळते. मुले थर्मामीटर वाचतात, ९८ पाहतात, एकमेकांकडे पाहतात आणि वहीत १०० लिहितात. महाराष्ट्रातल्या प्रयोगवह्यांमध्ये निरीक्षणांपेक्षा उत्तरांची संख्या जास्त असण्याचे कारण हेच. शिक्षकांनी पडद्यावरचे १०० आणि भांड्यातले ९८ शेजारी शेजारी फळ्यावर मांडले तर त्या दोन अंशांच्या फटीतून वातावरणाचा दाब हा अख्खा धडा आत येतो. त्यासाठी व्हिडिओ चुकीचा असणे ही गैरसोय नसून सोय आहे.

व्हिडिओ लावण्यापूर्वीची दोन मिनिटे लावल्यानंतरच्या दहा मिनिटांपेक्षा मोलाची असतात. हार्वर्ड विद्यापीठातले एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांबद्दल एक अप्रिय निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रात्यक्षिक नुसते पाहिलेल्या विद्यार्थ्यांना ते न पाहिलेल्यांपेक्षा फारसे जास्त समजले नव्हते. ‘आता काय होईल?’ हे आधी सांगायला लावून मग पाहिलेल्यांना मात्र लक्षणीय जास्त समजले. अंदाज चुकला तरी हरकत नव्हती. अंदाज केलेला असणे महत्त्वाचे. ही गोष्ट मावळात नवी नाही. बैलगाड्यांच्या शर्यतीला कोणती जोडी पुढे येणार हे आधी पैजेवर सांगितलेला मनुष्य ती शर्यत जितक्या बारकाईने पाहतो तितक्या बारकाईने पाहुणा पाहत नाही.

म्हणून अपोलो १५ चा प्रसिद्ध व्हिडिओ लावताना आधी मते मागवावीत. ऑगस्ट १९७१ मध्ये अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून पीस एकदम सोडले. काय झाले असेल? वर्गात तीन पक्ष तयार होतात. हातोडी आधी म्हणणारा बहुमताचा, दोन्ही एकदम म्हणणारा शिकवणीला जाणाऱ्यांचा, आणि चंद्रावर काहीच खाली पडत नाही असे म्हणणारा तिसरा, जो सर्वांत मोठ्याने बोलतो. हात वर करून मते मोजावीत, फळ्यावर आकडे लिहावेत आणि मगच बटण दाबावे. हातोडी आणि पीस बरोबरच जमिनीला लागतात. तिसरा पक्ष व्हिडिओ खोटा असल्याचे सांगतो. हा चर्चेचा आरंभ समजावा, बेशिस्त समजू नये.

यानंतर थांबवण्याचा विषय येतो. पडद्यावरच्या व्हिडिओला पुस्तकात आणि सिनेमागृहात नसलेली एक सोय आहे : तो नेमक्या क्षणी थांबतो. ही सोय वापरायला शिक्षक कचरतात, कारण थांबवले की मुले ओरडतात. ओरडू द्यावे. भोरघाटातल्या रेल्वेचा व्हिडिओ घ्यावा. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने लागतात, कारण घाटाचा चढ ३७ ला १ इतका आहे. गाडी निघण्याच्या क्षणी व्हिडिओ थांबवून विचारावे : इंजिने मागून का? पुढून का ओढत नाहीत? ही मुले ती गाडी लहानपणापासून पाहत आली आहेत आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो. थोड्या वेळाने कुणीतरी सांगते की सगळा भार पुढच्याच जोडणीवर आला तर ती तुटेल. दुसरे कुणी म्हणते की तुटलीच तर मागचे इंजिन डबे धरून ठेवील. दोन्ही उत्तरे विचारातून आलेली आहेत आणि दोन्ही व्हिडिओत नव्हती. उतरणीवरच्या बलाचा धडा बर्फावरून घसरगाडी ओढणाऱ्या परदेशी मुलापेक्षा या घाटात अधिक लवकर चढतो.

मुलांच्या मनात आधीपासून जे असते ते दुर्लक्षून चालत नाही. कुरवंड्यातल्या सुळक्याकडे पाहून इथल्या माणसांना नागाची फणी दिसली. इंग्रज आले आणि त्यांना त्याच दगडात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले. दगडाने दोघांनाही काही सांगितले नव्हते. विज्ञानाच्या व्हिडिओतही मूल असेच पाहते. १९८७ च्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का होतात, चंद्राच्या कला का दिसतात असे विचारले होते; २१ जणांची उत्तरे चुकली. पृथ्वी उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ जाते, हे आवडते उत्तर. या सर्वांनी शाळेत योग्य आकृती पाहिलेली असणार. ती पाहताना डोक्यात आधीचीच आकृती चालू होती.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात डेरेक म्युलर यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेल्या संशोधनात हेच व्हिडिओंवर तपासले. एका गटाला स्वच्छ, मुद्देसूद समजावणारा व्हिडिओ दाखवला. मुलांनी तो सोपा आणि स्पष्ट वाटल्याचे सांगितले. चाचणीत गुण जवळजवळ होते तेवढेच राहिले. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत आधी नेहमीचे गैरसमज बोलून दाखवले आणि मग त्यांची चर्चा केली. तो मुलांना गोंधळाचा वाटला. गुण मात्र वाढले. याचा अर्थ वर्गात ‘समजलं का?’ या प्रश्नाला आलेला एकसुरी ‘होऽऽ’ हा धोक्याचा इशारा मानावा. ‘बाई, पण असं कसं?’ हे वाक्य आले की व्हिडिओ लागू पडला असे समजावे.

काही गैरसमज व्हिडिओ स्वतःच पुरवतो. वीज चमकते आणि त्याच क्षणी गडगडाट होतो, कारण संकलकाने दोन्ही एकत्र जोडलेले असतात. दरीपलीकडे चमकलेल्या विजेनंतर सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, हे घरात बसून आकडे मोजणाऱ्या मुलांना कळते. पडद्यावरची वीज नेहमी शून्य किलोमीटरवर पडते. अवकाशातले स्फोट दणाणतात. अशुद्ध रक्त निळे वाहते, आणि गुडघा फुटल्यावर लाल रक्त पाहून आपले सगळे शुद्धच असल्याचा आनंद मुलांना होतो. सूर्याला काळा चष्मा असतो आणि परीक्षेतल्या आकृतीत तो नावासकट येतो. सूर्यमालेत तर सगळे ग्रह हाकेच्या अंतरावर फिरतात. सूर्य एक मीटर रुंद धरला तर पृथ्वी साधारण नऊ मिलिमीटरची, म्हणजे वाटाण्याएवढी, आणि ती १०७ मीटरवर ठेवावी लागते. नेपच्यून तीन किलोमीटरहून पुढे, गावाबाहेर. कोणताही टीव्ही एवढा रुंद नसतो. मैदानात वर्तुळ आखून एका मुलाला वाटाणा घेऊन पळवले की हे अंतर पायांना कळते. तो परत येईपर्यंत वाटाणा खाल्लेला असतो, पण अंतर लक्षात राहते.

व्हिडिओनंतर हाताला काम हवे. याचा उत्तम नमुना पुण्यात तयार झाला. ‘आयुका’ या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ पासून दशकभर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवली आणि ती कशी करायची याचे छोटे छोटे व्हिडिओ मराठीसह अनेक भाषांत मोफत दिले. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे, रिफिल, स्ट्रॉ, चुंबकांवर तरंगणारी पेन्सिल असा त्यांचा संसार. या व्हिडिओंत बहुधा चेहरा नसतो, हात असतात. बासरी नसते, कात्री असते. असा व्हिडिओ दीड-दोन मिनिटांत संपतो आणि पुढचा तास मुलांकडे सोपवतो. व्हिडिओ पाहून झाल्यावर खिसे तपासावे लागणे ही त्याच्या यशाची खूण आहे.

शेवटची पायरी मुलांनी स्वतः चित्रण करण्याची. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वारा कड्यावर आदळून इतक्या जोराने वर चढतो की खाली पडणारा झरा उलटा उडतो. नाणेघाटातला असा उलटा धबधबा प्रसिद्ध आहे, पण लोणावळ्याच्या कड्यांवरही हा खेळ चालतो. पर्यटक त्यापुढे स्वतःचे चित्रण करतात. मुलांनी थेंबांचे करावे, सुरक्षित अंतरावरून आणि मोठ्या माणसांबरोबर. मंदगतीने पाहिले की थेंब आधी खाली येतो, रेंगाळतो आणि मग वर जातो. गुरुत्वाकर्षण बंद पडले का, हा प्रश्न इथे आपोआप उपटतो. मेच्या अखेरीस झाडांवर लुकलुकणारे काजवे, भातखाचरातले बेडूकमासे, ओल्या फडक्यात रात्रभरात मोड काढणारी मटकी हे विषयही हाताशी आहेत. चित्रण करणाऱ्या मुलाला कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवावे लागते आणि ते ठरवताना काय महत्त्वाचे आहे हेही ठरवावे लागते.

वीज गेली तर काय, याचा विचार या भागात अपवाद म्हणून न करता वेळापत्रकात करावा. लोणावळा परिसरातल्या तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला नेऊन टाटांनी १९१५ पासून वीज तयार केली आणि ती मुंबईला दिली. पाऊस जितका जास्त तितके तलाव भरलेले, आणि पाऊस जितका जास्त तितके गावचे दिवे गेलेले. स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत आणि तिचे विजेत रूपांतर हा व्हिडिओ अर्ध्यावर बंद पडला तर उरलेला धडा याच विसंगतीवर घ्यावा. वीज कुठे तयार होते आणि तारेवर फांदी कुठे पडते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे जरी कळले तरी तास सत्कारणी लागला.

मूल्यमापन लगेच करू नये. व्हिडिओ संपताच विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे आवाजाच्या स्मरणातून येतात. आठवडा जाऊ द्यावा आणि तीच कल्पना निराळ्या वेषात विचारावी : पर्जन्यछायेनंतर ‘पुण्याच्या मावशीकडे छत्री न्यावी का?’, उत्कलनबिंदूनंतर ‘तुमच्या घरी डाळ शिजायला मुंबईच्या आत्याच्या घरापेक्षा जास्त वेळ का लागतो?’ उत्तर चुकले तरी त्यामागचा विचार ऐकून घ्यावा. सरकारी नोंदवहीत मात्र दिनांक, इयत्ता, विषय, व्हिडिओचा कालावधी आणि उपस्थित विद्यार्थी एवढेच रकाने असतात. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांसाठी रकाना नसतो. ते शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात लिहावेत. तो आजवर मोकळाच ठेवलेला असतो.